बायोगॅसमध्ये ऑक्सिजन दाखवायलंय पण लीक सापडत नाही? आधी मास नंबर ४० बघा

चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात साखर कारखान्याला जोडून डिस्टिलरी आहे आणि स्पेंटवॉशपासून (डिस्टिलरीच्या सांडपाण्यापासून) बायोगॅस करायलेत अशा प्लांटमध्ये जे इन्स्ट्रुमेंटला आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. तक्रार सगळीकडून एकच येते. गाळप सुरू झालं, डायजेस्टर (जीवाणू जिथं गॅस तयार करतात ती टाकी) भरात आला की मास स्पेक्ट्रोमीटरवर ऑक्सिजन हळूहळू चढायला लागतो, ०.१ चा ०.४ होतो, ०.६ होतो, अलार्म, कॉम्प्रेसर ट्रिप, मग सगळे साबणाचं पाणी घेऊन लाईनवर चढतात, दिसेल ते फिटिंग पान्यानं आवळतात, रीडिंग जरा उतरतं आणि काही दिवसांनी परत तेच. सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) करणाऱ्यांना तर हे परवडतच नाही, कारण आयएस १६०८७ प्रमाणे ऑक्सिजन ०.५ टक्क्याच्या आत लागतो आणि मिथेन किमान ९० टक्के.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्क्रीनवरचा टक्का बघून लीक शोधायला जाऊ नका. कच्चा स्पेक्ट्रम उघडा, म्हणजे कुठल्या वजनाचे (मास नंबरचे) कण किती आलेत त्याचा आलेख, आणि ३२ सोबत ३४ आणि ४० हे नंबर बघा. हे तीन आकडे एकमेकांसोबत कसे हलायलेत त्यावरून हवा खरंच शिरलीय का, शिरली असेल तर कुठं शिरलीय, हे जागेवर बसून बरंचसं कळतं.

मशीन काय करतं ते थोडक्यात सांगतो, त्याशिवाय पुढचं डोक्यात बसणार नाही. गॅस तापवलेल्या बारीक कॅपिलरीतून येतो, त्यातला अगदी किंचित भाग व्हॅक्यूम चेंबरमध्ये जातो, तिथला दाब बाहेरच्या हवेच्या अब्जाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. आत तापलेल्या फिलामेंटमधून ७० इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन सुटतात, ते गॅसच्या रेणूवर आदळतात आणि रेणूचा आयन, म्हणजे विजेचा भार असलेला कण, होतो. ते आयन चार दांड्यांच्या मधून जातात, दांड्यांवर आरएफ आणि डीसी व्होल्टेज असतं, आणि एका वेळी एकाच वजनाचा आयन पार होऊन डिटेक्टरवर पडतो, बाकीचे वाटेत दांड्यांवर आपटून संपतात. ही चार दांड्यांची युक्ती जर्मनीच्या वोल्फगांग पॉल यांची, १९५० च्या दशकातली, त्यांना १९८९ साली फिजिक्सच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. व्होल्टेज फिरवत नेलं की २, १५, १६, १८, २८, ३२, ४०, ४४ असे पीक, म्हणजे आलेखातले उंचवटे, ओळीनं दिसतात. हायड्रोजन २ वर, मिथेन १५ आणि १६ वर, पाणी १८ वर, नायट्रोजन २८ वर, ऑक्सिजन ३२ वर, आर्गॉन ४० वर, कार्बन डायऑक्साइड ४४ वर.

इथपर्यंत सोपं आहे. घोळ पुढं होतो, कारण इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं रेणू नुसता आयन होत नाही, तो मोडतो पण. ऊस जसा पेरावर मोडतो तसा प्रत्येक रेणू ठरलेल्या ठिकाणी मोडतो आणि त्याचे तुकडे ठरलेल्या प्रमाणात दुसऱ्यांच्या नंबरवर जाऊन बसतात. कार्बन डायऑक्साइडचा तुकडा २८ वर येतो, त्याच्या ४४ च्या साधारण ११ टक्के. म्हणजे गॅसमध्ये ४० टक्के कार्बन डायऑक्साइड असेल तर २८ वर आधीच चार-साडेचार टक्क्याच्या तोडीचा पीक उभा आहे, त्याच्या पोटात दीड-दोन टक्के नायट्रोजन आला तरी मशीनला वजाबाकी करूनच काढावा लागतो. बरं २८ नको, नायट्रोजनचा दुसरा पीक १४ वर असतो तो घेऊ म्हटलं तर तिथं मिथेनचा तुकडा बसलेला, आणि मिथेन तर ५५-६० टक्के. म्हणून बायोगॅसमध्ये नायट्रोजनच्या आकड्यावर हवेचा निवाडा करू नका, तो आकडा सगळ्यात कच्चा असतो.

आता ३२ चं बघा. स्पेंटवॉशच्या बायोगॅसमध्ये एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) भरपूर असतो, दोन-तीन टक्क्यांपर्यंत पण जातो, कारण मळीत सल्फेट असतं. या एचटूएसचा मुख्य पीक ३४, पण त्यातले हायड्रोजन निघून गेले की नुसतं सल्फर उरतं आणि सल्फरचं वजन ३२! ३४ च्या चाळीस-पंचेचाळीस टक्के एवढा मोठा तुकडा ३२ वर पडतो. हिशोब केला तर एक टक्का एचटूएस हा मशीनला अर्ध्या टक्क्याच्या आसपास ऑक्सिजनसारखा दिसतो. सॉफ्टवेअर हा तुकडा वजा करतं, पण त्यासाठी त्याला तुकड्याचं प्रमाण बरोबर माहिती पाहिजे, आणि तिथंच गाडी अडते, त्यावर पुढं येतो.

आर्गॉन ४० वर एकटा बसतो. मिथेन, कार्बन डायऑक्साइड, एचटूएस, पाणी, कुणाचाच तुकडा तिथं येत नाही. डायजेस्टरमध्ये आर्गॉन तयार होत नाही, कुठला जीवाणू तो खात नाही, कुठल्या केमिकलशी तो बोलत नाही. बायोगॅसमध्ये आर्गॉन दिसला तर तो हवेतूनच आलेला. हवेत तो ०.९३ टक्के, ऑक्सिजन २०.९५, नायट्रोजन ७८.०८. म्हणजे ताज्या हवेत ऑक्सिजन हा आर्गॉनच्या साधारण साडेबावीस पट, हा आकडा पॅनेलच्या दारावर आतून लिहून ठेवा.

समजा स्क्रीन ०.५ टक्के ऑक्सिजन म्हणायलंय. तो खरंच हवेतून आला असेल तर गॅसमध्ये जवळजवळ २.४ टक्के हवा पाहिजे, आणि मग आर्गॉन साधारण २२० पीपीएम दिसला पाहिजे. हे थोडंच आहे, फॅराडे कपवर (डिटेक्टरच्या साध्या, कमी संवेदनशील मोडवर) घाईत स्कॅन केलात तर नॉईजमध्ये हरवेल, म्हणून ४० साठी डिटेक्टरचा मल्टिप्लायर चालू करा नाहीतर ॲव्हरेजिंगचा वेळ वाढवा, आणि आर्गॉनचं कॅलिब्रेशन आधी केलेलं असू दे. बऱ्याच प्लांटमध्ये मेथड बनवतानाच आर्गॉन वगळलेला असतो, "आपल्या गॅसमध्ये आर्गॉन नाही" म्हणून. नाही म्हणूनच तो मोजायचा आहे.

आता तपासायचा क्रम, आणि क्रम महत्त्वाचा आहे, उलटा केलात तर फसाल.

पहिल्यांदा इनलेट व्हॉल्व्ह बंद करा आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं चेंबर बघा. सगळे पीक खाली गेले पाहिजेत, १८ थोडा राहील, पाणी लवकर जात नाही. जर २८ आणि ४० तसेच उभे राहिले तर लीक मशीनच्या अंगातच आहे, फ्लँजला, गॅस्केटला, व्हेंट व्हॉल्व्हला. इथं ३२ वर विसंबू नका, कारण चेंबरमध्ये शिरलेला ऑक्सिजन तापलेल्या फिलामेंटवर खर्ची पडतो, त्याचा कार्बन मोनॉक्साइड वगैरे होतो, म्हणून हवा असूनही ३२ कमी दिसतो. ४० तसा फसवत नाही. चेंबरचा लीक शोधायला हिलियम असला तर उत्तम, मास ४ वर मशीन लावून एकेका जॉईंटवर हलकी फुंकर मारायची, वरून सुरुवात करून खाली, कारण हिलियम वर चढतो. हिलियम बऱ्याच ठिकाणी नसतोच, मग टिग वेल्डिंगवाल्याकडचा शुद्ध आर्गॉन आणा, तो बेळगावच्या उद्यमबागेतच काय, तालुक्याच्या चांगल्या फॅब्रिकेशन शेडमध्ये पण मिळतो, ४० वर लावा आणि खालून वर जा, तो हवेपेक्षा जड आहे. मिगचा मिक्स सिलिंडर आणू नका, त्यात कार्बन डायऑक्साइड असतो.

चेंबर स्वच्छ निघालं की मग कॅपिलरी. हा प्रकार फार जणांना माहिती नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. कॅपिलरी अर्धी बुजली, सल्फरची पिवळी पूड बसली किंवा हीटर बंद पडून पाणी साचलं, तर आत येणारा गॅस कमी होतो. सगळे पीक एकत्र खाली येतात, पण सॉफ्टवेअर बेरीज १०० करून टक्के दाखवतं, म्हणून मिथेन-कार्बन डायऑक्साइडचे टक्के जवळपास आहे तिथंच राहतात आणि कुणाला संशय येत नाही. चेंबरमध्ये आधीपासून जी थोडी शिल्लक हवा आणि पाणी असतं ते मात्र तेवढंच राहतं, त्याचा वाटा वाढतो, आणि स्क्रीनवर ऑक्सिजन, नायट्रोजन, आर्गॉन तिन्ही वाढलेले दिसतात, हुबेहूब हवेच्या लीकसारखे. ओळखायचं कसं? चेंबरचा प्रेशर गेज बघा. चालू मशीनवर तो नेहमीच्या आकड्यापेक्षा बराच खाली असेल तर लीक नाही, कॅपिलरी तुंबलीय. म्हणून लॉगशीटमध्ये टक्क्यांच्या सोबत चेंबर प्रेशर रोज लिहा, आणि जमलं तर १५ किंवा ४४ चा कच्चा करंट (डिटेक्टरचा मूळ सिग्नल) पण लिहा. आमच्याकडं शिफ्टमध्ये कोण मराठी लिहितं कोण कन्नड, पण ३२, ३४, ४० आणि प्रेशर हे आकडे सगळ्यांना वाचता येतात, तेवढे चार रकाने रोज भरले तरी पुष्कळ आहे.

लाईट गेल्यावर तर हे हमखास होतं. सीझनच्या सुरुवातीला टर्बाइन आणि बाहेरची लाईन यांच्यात बदलाबदल चालू असते, एक झटका बसला की चेंबरचा व्हॅक्यूम राखणारा टर्बो पंप युपीएसवर तग धरतो पण कॅपिलरीचा आणि सॅम्पल लाईनचा हीटर कुणी युपीएसवर घेतलेला नसतो. लाईन थंड, पाणी आत, नंतर हीटर चालू झाला तरी सल्फर आणि घाण तिथंच वाळून बसते. परत चालू करताना आधी लाईन पूर्ण तापू दे, मगच सॅम्पल सोडा.

चेंबर आणि कॅपिलरी दोन्ही बरे असतील तरच पुढचं वाचन करा. आता तीन चित्रं दिसू शकतात.

३२ वाढलाय, ३४ पण वाढलाय, ४० जागचा हललेला नाही. ही हवा नाही, एचटूएस आहे. शुद्ध ऑक्सिजनचा पण थोडा ३४ असतो, जड आयसोटोपमुळं, पण तो ३२ च्या फक्त ०.४ टक्के. तुमचा ३४ जर ३२ च्या बरोबरीचा किंवा मोठा दिसत असेल तर बोलणंच खुंटलं. खात्री करायची असेल तर एक स्वस्त टेस्ट आहे. द्राक्षबागेवाले बोर्डोसाठी मोरचूद वापरतात ना, ते पाण्यात विरघळवून वॉश बॉटलमध्ये भरा आणि सॅम्पल गॅस कूलरच्या आधी त्यातून बुडबुडे काढत न्या. एचटूएस मोरचुदात अडकतो, निळं पाणी काळं पडतं, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन पुढं निघून जातात. स्क्रीनवरचा ऑक्सिजन जर सोबत खाली आला तर तो ऑक्सिजन नव्हताच. फक्त पहिली दहा-पंधरा मिनिटं मोजू नका, पाण्यात विरघळलेली हवा सुटत असते, आणि नंतर ते पाणी पाटात किंवा गटारात ओतू नका, तांबं आहे त्यात.

मग हे दर वेळी परत का येतं? कारण सर्व्हिसवाले फिलामेंट बदलतात, आयन सोर्स (जिथं रेणूचे आयन होतात तो भाग) साफ करतात, स्पॅन गॅस (ठरलेल्या प्रमाणाचा तपासणी गॅस) लावतात, आकडा जुळतो, सही घेऊन जातात. स्पॅन सिलिंडरमध्ये मिथेन, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, ऑक्सिजन असतात, एचटूएस नसतो. फिलामेंट बदललं, सोर्सचं व्होल्टेज हललं की रेणू मोडायचं प्रमाण पण हलतं, ३४ चा किती भाग ३२ वर पडतो हा आकडा जुनाच राहतो, आणि वजाबाकी चुकते. एचटूएस कमी असेपर्यंत कळत नाही, डायजेस्टर भरात आला की "ऑक्सिजन" उगवतो. तेव्हा फिलामेंट बदलल्यावर स्पॅनसोबत तुकड्यांचं कॅलिब्रेशन परत करून घ्या, एचटूएसचा वेगळा सिलिंडर लावून, शक्यतो हिलियम किंवा नायट्रोजनमध्ये मिसळलेला. हे केल्याशिवाय सर्व्हिस रिपोर्टवर सही करू नका असं मी स्पष्ट सांगेन. एचटूएस साध्या स्टीलच्या नळीला चिकटतो, रीडिंग स्थिर व्हायला वेळ लागतो, घाई केलीत तर कॅलिब्रेशनच चुकीचं बसेल. त्याच कारणानं एकच मशीन व्हॉल्व्ह फिरवून कच्चा गॅस, स्क्रबरनंतरचा (एचटूएस काढून झाल्यावरचा) गॅस आणि शेवटचा गॅस बघत असेल तर कच्च्या गॅसनंतर लगेच मोजलेल्या लाईनवर थोडा खोटा ३२ येतो, तिथं फ्लशचा वेळ वाढवा.

दुसरं चित्र, ३२ आणि ४० दोन्ही वाढलेत, आणि ऑक्सिजन भागिले आर्गॉन साडेबावीसच्या जवळ आहे. ही ताजी हवा, आणि ती बहुतेक मशीनच्या जवळच शिरलीय, सॅम्पल लाईनमध्ये. इथं साबणाचं पाणी कामाचं नाही. सॅम्पल पंपाच्या आधीची लाईन ओढीवर असते, बाहेरची हवा आत जाते, बुडबुडा बाहेर कसा येणार? आणि पाना घेऊन फिटिंग आवळणं हा पण इलाज नाही, जास्त आवळलं की फिटिंगच्या आतली कडी, फेरूल, चिरडतं. मूळ कारण बहुतेक वेळा फिल्टर असतो. गॅस होल्डरचा दाब थोडासाच, पाण्याच्या काही इंचांचा, फिल्टरवर फेस आणि सल्फर बसलं की पंप जोर लावून ओढतो, लाईनमधली ओढ वाढते, आणि जो जॉईंट एरवी गप्प असतो तो हवा घ्यायला लागतो. फिल्टर बदलला नाही तर शंभर फिटिंग आवळून उपयोग नाही. पंपाच्या आधी एक साधा व्हॅक्यूम गेज बसवा, त्याचा काटा सरकायला लागला की फिल्टर बदला, अलार्मची वाट बघू नका.

दुसरी जागा, गॅस कूलरखालचा पेरिस्टाल्टिक पंप, जो साचलेलं पाणी बाहेर काढतो. त्याची रबरी नळी रोलरखाली दिवसरात्र चिरडली जाते, तिला आडवी बारीक चीर पडते, बाहेरून काढून बघितली तरी दिसत नाही, बोटावर वाकवली की तोंड उघडतं. या भागातल्या एका डिस्टिलरीत सगळी लाईन बदलून झाली होती, प्रोबपासून (जिथून सॅम्पल घेतात तिथून) मशीनच्या रॅकपर्यंत नवीन नळी, आणि हवा येत होती या वीतभर रबरातून. पंप बंद करून नळी दोन्ही बाजूंनी चिमटा लावून बंद केली आणि ४० दोन-तीन मिनिटांत खाली बसला. ही नळी ठरवून बदलायची वस्तू आहे, फुटायची वाट बघायची नाही.

आणि थंडी. नोव्हेंबर ते जानेवारी आपल्याकडं पहाटे चांगलाच गारठा असतो, गाळप पण तेव्हाच जोरात. सॅम्पल लाईन दोन खांबांमध्ये झोळ खाऊन लोंबत असेल आणि हीट ट्रेसिंग (लाईन गरम ठेवणारी वायर) तिथं मेलेलं असेल तर पहाटे त्या झोळात पाणी साचतं, वाट अरुंद होते, ओढ वाढते, हवा शिरते, आणि दुपारी ऊन लागलं की सगळं ठीक. पहाटे अलार्म आणि दुपारी गायब, असा पॅटर्न दिसला तर तडक लाईनचा उतार आणि ट्रेसिंग बघा, लाईन प्रोबकडं किंवा पाणी जमा करायच्या पॉटकडं सरळ उतरती पाहिजे, मध्ये कुठं पोट नको.

तिसरं चित्र मला सगळ्यात उपयोगी वाटतं. ४० वाढलाय पण ३२ जवळजवळ नाही, किंवा ऑक्सिजन भागिले आर्गॉन साडेबावीसच्या पुष्कळ खाली आलंय. म्हणजे हवा शिरली, पण वाटेत ऑक्सिजन कुणीतरी खाल्ला. सॅम्पल लाईनमध्ये खाणारं कोणी नसतं, डायजेस्टरमध्ये आणि बायो-स्क्रबरमध्ये जीवाणू असतात. तेव्हा शिडी सॅम्पल लाईनला लावू नका, वर प्लांटकडं जा. डायजेस्टरचा वॉटर सील कोरडा पडलाय का, गॅस होल्डरला कुठं ओढ बसते का, किंवा एचटूएस काढायला बायो-स्क्रबरमध्ये जी हवा सोडतात तिचा ब्लोअर जास्त चाललाय का. शेवटचं असेल तर ऑक्सिजन कमी दिसतो म्हणून सगळे खूश असतात, आणि नायट्रोजन गुपचूप मिथेनचा टक्का खाली ओढत असतो. सीबीजीत नायट्रोजन काढणं सोपं नाही, त्यामुळं ९० टक्के गाठता येत नाहीत आणि कारण कळत नाही. ४० वर नजर असेल तर त्याच शिफ्टमध्ये कळतं.

हे सगळं करताना एचटूएसला हलक्यात घेऊ नका, हात जोडून सांगतो. एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम, आणि १०० पीपीएमलाच तो जिवाला तात्काळ धोका धरतात. वरून त्याच पातळीला नाक मरतं, वास येईनासा होतो, माणसाला वाटतं गॅस गेला. पॉटचा ड्रेन उघडताना, फिल्टर बदलताना एकट्यानं जायचं नाही, अंगावर मीटर पाहिजे, आणि सॅम्पल पंपाचा आणि व्हॅक्यूम पंपाचा एक्झॉस्ट ॲनालायझर रूमच्या बाहेर उंच सोडलेला पाहिजे. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की मिश्रण पेट घेतं, त्यामुळं त्या खोलीत जुगाडू हीटर, उघडी वायर काही नको.

एवढं करूनही सुटलं नाही तर सर्व्हिसला किंवा कुणालाही विचारताना नुसतं "ऑक्सिजन वाढलाय" असं सांगू नका. इनलेट बंद असतानाचे २८, ३२, ४० चे करंट, चालू असतानाचे १५, ३२, ३४, ४०, ४४ चे करंट, दोन्ही वेळचा चेंबर प्रेशर, सॅम्पल पंपाच्या आधीचा व्हॅक्यूम, फिलामेंट कधी बदललं आणि तुकड्यांचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, आणि अलार्म दिवसाच्या कुठल्या वेळी येतो, एवढं लिहून द्या.